दहा वर्षांची गादी

काल शनिवारी आम्ही नवराबायको गादी घ्यायला उल्हासनगरला गेलो होतो. सकाळी अंबरनाथला पीएसए तपासणीसाठी रक्त दिलं आणि तिथूनच रिक्षाने तिथल्या कॅम्प दोनचा बाजार गाठला. रिपोर्ट संध्याकाळी फोनवर येणार होता... तोवर घरात बसून एकमेकांची तोंडं कोण बघणार?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला, तोही आडदांड जातीचा. कॅन्सरचा जोर मोजणारा ग्लीसन स्कोअर दहापैकी नऊ... शाळेत एवढे मार्क पडले असते तर आईने अख्ख्या बुवापाड्यात पेढे वाटले असते.

रेडिएशन झालं, दोन वर्षं हार्मोनची इंजेक्शनं झाली. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, आकडा चढायला लागला तर आजार पुन्हा डोकं वर काढतोय असं समजायचं. इंजेक्शनं बंद झाल्यानंतरची ही पहिलीच तपासणी होती.

मी तसा बिनधास्त माणूस. फॅक्टरीत आयुष्यभर इन्स्पेक्शनला होतो... पास झालेला मालसुद्धा अधूनमधून तपासतात, त्यात घाबरायचं काय, असं मी सगळ्यांना सांगतो. रोज पालेगावपर्यंत चालतो, आणि विहारात भेटणाऱ्या पन्नाशीच्या प्रत्येकाला 'लघवीची तक्रार लपवू नका' म्हणून पिडतो.

माझी बायको कुंदा मात्र वेगळी. तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण आमचं घर तीन-तीन महिन्यांवर चालतं. मुलीने दिवाळीची तिकिटं काढू का विचारलं, भाचीच्या लग्नाचं आमंत्रण आलं, तरी हिचं उत्तर एकच... "रिपोर्ट येऊ दे."

त्यात यावेळी माझी कंबर धरली. हा आजार हाडात उतरतो हे आम्हा दोघांनाही ठाऊक. मी म्हटलं, गादी बसलीय, दुसरं काही नाही. ती कंबरेला तेल मात्र दोन वेळा चोळायला लागली.

गादीवाला सिंधी, बोलायला एकदम गोड. त्याने मला एकेका गादीवर आडवं व्हायला लावलं. त्यातली एक बरी वाटली.

"साईं, पांच साल की गारंटी. आराम से सो जाओ."

आणि इथे बिनधास्त माणसाची हवा गेली. पाच वर्षं... मनातल्या मनात मी ठरवूनही टाकलं, की आपल्याला पाच पुष्कळ झाली. 'हीच बांधून द्या' म्हणायला तोंडही उघडलं होतं.

तेवढ्यात कुंदा पुढे झाली. दोन्ही हातांनी गादी दाबून बघितली आणि नाक मुरडलं.

"पांच साल में क्या होता है भैया? दस सालवाली दिखाओ."

मी आडवाच राहिलो. रिपोर्ट अजून यायचा होता, आणि तीन महिन्यांपलीकडचं तिकीट न काढणारी ही बाई दहा वर्षांची गादी मागत होती... तीही नेहमीसारखी घासाघीस करून.

गारंटी कार्डावर नाव कुणाचं लिहू, असं त्याने विचारलं. मी तिचं सांगणार होतो.

"इनका लिखो," कुंदा म्हणाली. "दसवें साल में खराब हुई तो झगडा करने यही आएंगे."

चपला शोधायच्या निमित्ताने मी खाली वाकलो. डोळे भरून आले होते... त्यात लपवायचं काय.

संध्याकाळी रिपोर्ट आला. आकडा अगदी तळाला होता तिथेच आहे. डॉक्टर मॅडम फोनवर म्हणाल्या, छान आहे, पण त्या इंजेक्शनांनी हाडं कमजोर होतात, तेव्हा कंबर सोमवारी दाखवायला या. जाणार आहोतच, गादीला सगळा दोष देऊन चालणार नाही.

मॅडम म्हणाल्या, पुढची तपासणी तीन महिन्यांनी. रिपोर्ट देतो ते तीनच महिने. कुंदाने मला दहा वर्षं दिली, आणि तीही रिपोर्ट यायच्या आधी... आता तेवढं जगणं भाग आहे. कार्डावर नाव माझं आहे.