मीटरचा हात

त्याला सगळे मीटर म्हणत. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटीवर इतक्या वर्षांची धूळ आणि काजळी बसली होती की ते वाचायला कुणी थांबत नसे. मीटर म्हणत, कारण वायरीतली वीज तपासायला तो मीटर वापरत नसे. ट्रकचं बॉनेट उघडलं की तो उजव्या हाताची बोटं वायरीवर ठेवी, डोळे मिटी, आणि बोटं हळूहळू पुढे सरकवत नेई. मग एका जागी थांबे. "इथं. इथं खातंय." ड्रायव्हर ती जागा कापून बघत, तर आत तांबं काळं पडलेलं असे. एकदा दोघांनी पैज लावून त्याच्या डोळ्यांवर फडकं बांधलं होतं. त्यालाच ते आवडलं नाही. "फडकं कशाला? मी तसाही डोळ्यांनी बघत नाही," म्हणाला.

दुकानात एक खरं मीटर होतं. बायकोच्या भावाने कधीतरी भेट दिलेलं, खोक्यासकट. ते ज्या खणात होतं, तो खण तो फक्त मोजे ठेवायला उघडायचा.

पत्र्याच्या आडोशामागे त्याची बायको बसे. विजेच्या जळालेल्या मोटारींची तार सोडवायची आणि नवी गुंडाळायची, हे तिचं काम. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी वाइंडिंगवाला अचानक सोडून गेला, तेव्हा ती म्हणाली, "दाखवा, काय एवढं अवघड आहे?" आणि बसली ती चोवीस वर्षं बसली. केसाएवढी तार तिच्या बोटांतून जाई. वेढे मोजताना तिचे ओठ हलत. ओठ हलत असताना तिच्याशी बोलायचं नाही, हा दुकानाचा एकमेव नियम होता.

सहा महिन्यांपूर्वी एका सकाळी तो जोड डाखत बसला होता. कातडी जळल्याचा वास आला. कुणाची, म्हणून त्याने इकडेतिकडे पाहिलं. मग खाली पाहिलं. डाख द्यायची तापलेली सळई त्याच्याच अंगठ्याला टेकली होती.

त्या दिवसापासून रात्री अंथरुणात बोटांचे शेंडे एकमेकांवर घासून बघायचा. दुसऱ्याच कुणाची तरी बोटं उसनी आणल्यासारखी लागायची. डॉक्टरकडे गेला नाही, कुणाजवळ ब्र काढला नाही. दुकानात तसाच वायरीवर हात ठेवायचा, तसेच डोळे मिटायचा, आणि मिटल्या डोळ्यांआड अनुभवावर अंदाज बांधायचा. अंदाज बरोबर येत. त्यानेच त्याची पंचाईत केली. एखादा सपशेल चुकला असता तर सांगून मोकळा झाला असता.

अशात मेहुणा ट्रक घेऊन आला.

जुनाच ट्रक, पण मेहुण्याने त्याच्या पाठीवर विंच बसवून आणला होता. पोलादी दोराचं जाडजूड रीळ, विजेच्या मोटारीवर फिरणारं. खड्ड्यात गेलेल्या गाड्या ओढून काढायचा धंदा त्याला करायचा होता. दुकानासमोर त्याने बटण दाबलं, रीळ अर्धा वेढा फिरलं, ट्रकचे दिवे विझत आले आणि सगळं थंड पडलं.

"दाजी, यात काहीतरी बिघाड आहे."

"बिघाड नाही," मीटर म्हणाला. "हत्तीला बकरीचं दूध पाजतोयस तू. हे रीळ जोर लावताना अडीचशे अँपिअर मागतं. तुझ्या ट्रकची सगळी वायर दिवे आणि भोंग्यासाठी केलेली."

"मग?"

"मग सगळं नवं."

आठ दिवस तो त्या ट्रकखाली होता. जुना डायनामो काढून दुपटीचा बसवला. केबिनच्या मागे, रिळाच्या शेजारी जास्तीच्या बॅटऱ्या ठेवल्या, म्हणजे विजेला लांबून यायला नको. अंगठ्याएवढी जाड तांब्याची केबल घेतली. विजेच्या परतीची वाट ट्रकच्या सांगाड्यावर न सोपवता तिच्यासाठीही तशीच केबल ओढली. हाताशी एक मेन स्विच. चोरी होऊ नये म्हणून मेहुण्याने बॅटऱ्यांवर लोखंडी पेटी करून आणली होती. झाकणाला सहा बोल्ट, आणि कडेला फक्त हात जाईल एवढी खिडकी.

केबलच्या प्रत्येक टोकाला लग बसवायची. लग म्हणजे तांब्याची टोपी. केबल तिच्यात घालायची, पंच ठेवून हातोड्याने आवळायची, आणि मग एका हातात केबल, दुसऱ्यात लग धरून पिळून बघायची. नीट आवळली असेल तर दोन्ही एकजीव लागतात. नसेल तर केसाएवढी हलते. डोळ्यांना ती हालचाल दिसत नाही, बोटांनाच कळते. हलणारी लग दिवे लावायला चालते. अडीचशे अँपिअर गेले की त्याच फटीत निखारा होतो.

शेवटची लग परतीच्या केबलची होती. तो ती ठोकत असतानाच मेहुण्याचा फोन वाजला. कालव्याच्या उतारावरून एक टेंपो मागच्या मागे घसरला होता.

"दाजी, पहिलं काम! झालं का?"

"झालंच."

त्याने लग पिळली. हलली की नाही ते त्याला कळलं नाही. पुन्हा पिळली. मेहुणा पान्याने पेटीवर टकटक वाजवत उभा होता. लग हलली नाही, असं मीटरने ठरवलं. बोल्ट घातला, झाकण बसवलं.

आडोशामागून बायको फडक्याला हात पुसत आली. "मीपण येते."

"तू कशाला? अंगावर चिखल उडेल."

"भावाचं पहिलं काम आहे. बघू नको?" ती म्हणाली, पण बघत होती ती नवऱ्याच्या अंगठ्याकडे. तिथे नवा फोड होता.

वाटेत तिघं एका केबिनमध्ये चिकटून बसले. मेहुणा एकटाच बोलत होता. मीटरच्या डोक्यात ती लग पिळली जात होती, पुन्हा पुन्हा. हलली. नाही हलली. थांबव म्हणावं, झाकण उघडावं, बायकोच्या हातात द्यावी. पाच मिनिटांचं काम. पण का म्हणून विचारलं तर काय सांगायचं? माणसं त्याला त्याच्या हाताच्या नावाने हाक मारत होती.

टेंपो उतारावर तोंड वर करून अडकला होता. मागची चाकं पाण्याच्या काठावरच्या गाळात, पुढच्या चाकामागचा एक दगड त्याला कसाबसा धरून होता. पाठीत फरशा भरलेल्या. टेंपोवाला आतच बसून होता. स्टिअरिंग सरळ धरायला कुणीतरी बसायलाच हवं होतं, आणि दुसऱ्या कुणाला तो बसू देईना.

"दोर नवा आहे ना हो?" तो आतून ओरडला.

"सगळंच नवं आहे!" मेहुण्याने आकडा अडकवत सांगितलं.

"म्हणजे उद्घाटन माझ्यावरच? नारळ समजलात काय मला?"

बघे हसले. मेहुण्याने ट्रकच्या चाकांमागे दगड लावले, इंजिन चढवलं आणि बटण दाबलं. रीळ फिरलं. दोर ताठ झाला, त्यावरचं पाणी बारीक तुषारांनी उडालं. टेंपो कण्हला आणि वीतभर वर आला. मग हातभर. ज्या दगडाने त्याला धरलं होतं तो सुटला आणि गडगडत पाण्यात गेला. आता टेंपोला दोराशिवाय कुणाचा आधार नव्हता.

तेव्हा रिळाचा सूर बसला.

दुसऱ्या कुणाला ते ऐकू आलं नसेल. इंजिन तेवढ्याच जोरात चालू होतं, पण गाणं म्हणता म्हणता कुणी दमावं तसा रिळाच्या मोटारीचा आवाज खाली उतरला. वीज कुठेतरी अडत होती. मीटरने पेटीच्या खिडकीतून हात आत घातला. चाचपडत केबल शोधली, केबलवरून लगेपर्यंत गेला, बोटं तिच्यावर ठेवली. डोळे मिटले.

काही नाही. अंधारात कुणीतरी उभं असावं आणि हाक मारली तर ओ देऊ नये, तसं.

"दाजी, कसं आहे?" मेहुणा ओरडला. बटणावर त्याचा अंगठा होता. "चालू ठेवू?"

चालू ठेव, हे शब्द जिभेवर तयार होते. सहा महिने ते तयारच असत. टेंपो वर सरकत होता; अजून दोन मिनिटं, आणि कुणाला काही कळणार नव्हतं. पण बॅटऱ्यांच्या डोक्यावर जो वायू साठतो त्याला एक ठिणगी पुरते. पेटीपासून हातभरावर डिझेलची टाकी. टाकीला टेकून मेहुणा. आणि ट्रक पेटला तर दोराच्या दुसऱ्या टोकाला तो माणूस, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून.

"थांबव," मीटर म्हणाला.

"काय?"

"थांबव म्हणतो ना!"

रीळ थांबलं. आतला ब्रेक बसल्याचा खट्ट आवाज झाला. टेंपो होता तिथेच लटकून राहिला.

"तापलंय का?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे? हात आहे ना तुमचा आत!"

"आहे," मीटर म्हणाला. त्याचा स्वर इतका साधा होता की बघ्यांतले दोघे-तिघे वळले. "हात आहे. पण त्याला काही कळत नाही. सहा महिने झाले. ती लगही मी अंदाजानेच बसवली."

मेहुण्याच्या तोंडाशी आलेली शिवी त्याने मोठ्या कष्टाने गिळली. तेवढ्यात बायको पुढे आली, तिने नवऱ्याचा हात मनगटाला धरून बाहेर काढला आणि स्वतःचा आत घातला. लगेच ओढून घेतला. बोटं तोंडात घातली.

"तव्यासारखी तापलीय. तुमची बोटं बघा आधी."

त्याने पाहिली. तीन बोटांवर कातडी पांढरी पडली होती.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"रोज फोड मोजतेय मी. वाट बघत होते, आज सांगतील, उद्या सांगतील."

"आणि माझी गाडी काय तुमच्या दोघांच्या–" मेहुणा सुरू झाला.

"नंतर भांड. आधी पाना दे," बहीण म्हणाली.

खालून टेंपोवाला ओरडला, "काय झालं हो? जेवायला सुट्टी का?"

"दोन मिनिटं!" मेहुण्याने ओरडून सांगितलं. "ब्रेकवर पाय ठेव. आणि हलू नको!" त्याने ट्रकची जाड साखळी नेऊन टेंपोच्या पुढच्या आसाला अडकवली, दुसरं टोक ट्रकला. दोर गेलाच तर साखळी.

मीटरने मेन स्विच बंद केला. सहा बोल्ट. पाचवा आडवा लागला, मेहुण्याने त्यावर अंगाचा भार टाकला तेव्हा सुटला. झाकण बाजूला केल्यावर मीटरने सगळ्यांना मागे सारलं आणि वारा आतून फिरेपर्यंत थांबला. ते थांबणं सर्वांत लांब होतं. खाली टेंपोच्या पत्र्यातून मधूनच एक बारीक करकर येत होती. मग त्याने परतीची केबल सोडवली. लगेच्या गळ्याशी रबर वितळून काळं थेंबुटं झालं होतं. तेवढा तुकडा कापून टाकला, चकचकीत तांबं उघडं केलं, नवी लग चढवली आणि ट्रकच्या लोखंडी कडेवर ठेवली.

"धर," तो बायकोला म्हणाला. "एका हातात केबल, एकात लग. मी ठोकतो. ठोकून झालं की पिळायचं. मोटारीत सैल वेढा कसा कळतो तुला? तसंच."

त्याने घाव घातले.

"हलतेय," ती म्हणाली.

"किती?"

"केसाएवढी."

पुन्हा घाव.

"आता?"

तिने पिळलं. तिचे ओठ हलले. मेहुणा काही बोलायला गेला तर मीटरने हातोडा उचलून त्याला गप्प केलं.

"अजून. डावीकडे जराशी."

पंच डावीकडे सरकवून त्याने तीन घाव घातले. तिने पिळलं, उलटं पिळलं, नखाने कडेवरून फिरवून पाहिलं. घाई केली नाही. खाली माणूस लटकला होता, आणि तिने घाई केली नाही.

"नाही," ती म्हणाली. "आता एकच आहे."

बोल्ट आवळला. मेन स्विच चालू. झाकण लावायच्या भानगडीत कुणी पडलं नाही. मेहुण्याने साखळीचं टोक ट्रकवरून सोडलं, बटणावर अंगठा ठेवला आणि पहिल्यांदाच दाजींकडे न बघता बहिणीकडे पाहिलं. तिने लगेवर हात ठेवून मान हलवली.

रीळ फिरलं. दोर पुन्हा सरकू लागला. सूर वर गेला आणि वरच राहिला. बघे टेंपोकडे बघत होते, मेहुणा दोराकडे. मीटर बायकोच्या चेहऱ्याकडे बघत होता. मीटरच्या काट्याकडे त्याने आयुष्यात असं कधी बघितलं नव्हतं. तिची भुवई हलली की तो विचारी.

"काय म्हणतेय?"

"कोमट."

"वाढतंय?"

"नाही. कोमटच."

टेंपोची पुढची चाकं रस्त्याच्या कडेवर चढली, घसरली, पुन्हा चढली. मग मागची आली, गाळाने लडबडलेली. टेंपोवाला खाली उतरला आणि दोन पावलं चालून रस्त्यातच बसला. आता त्याला विनोद सुचत नव्हता. मेहुण्याने बटण सोडलं आणि ट्रकला पाठ टेकली. दाजींशी तो अजून बोलणार नव्हता. बोलेल तेव्हा चांगलंच बोलेल, हे मीटरला ठाऊक होतं.

"काढू का हात?" बायकोने विचारलं.

"थांब थोडं," तो म्हणाला. स्वतःची पोळलेली बोटं त्याने सदऱ्याच्या खिशात घातली होती. "निवताना कशी होत जाते, ते सांग."

तिने डोळे मिटले.