ऑर्विलचे मटार

विस्कॉन्सिनमधल्या आमच्या गावात मटार डबाबंद करायचा कारखाना आहे. तिथे ऑर्विल टेस्केने एकतीस वर्षं डब्यांवर लेबलं लावली. सकाळी महागड्या नावाची सोनेरी, दुपारी स्वस्तातली पांढरी, आत मटार तेच. स्वतः तो पांढरा डबा घ्यायचा आणि सोनेरी घेणाऱ्यांना चर्चच्या पायरीवर हसायचा, "येड्यांनो, कागद खाता का रे?"

असा हा दीडशहाणा मंगळवारी माझ्या औषधाच्या दुकानात रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला आला. त्याच्या नेहमीच्या कंपनीनेच आता तीच गोळी जेनेरिक म्हणून, बिननावाच्या बाटलीत, पाव किमतीला काढली होती. मी दोन्ही गोळ्या शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या. रंग तोच, वर कोरलेला आकडाही तोच.

ऑर्विलने नाक मुरडलं. "तसलं गरिबांना दे. मला अस्सल पाहिजे."

"अहो ऑर्विल, दोन्ही एकाच यंत्रातून पडतात. फक्त लेबल वेगळं आहे."

"लेबल काय उगाच लावतात का, पोरी? एकतीस वर्षं तेच काम केलंय मी. मला शिकवू नकोस."

इतका बथ्थड माणूस लेबलं तरी सरळ कशी लावत होता, कोण जाणे.

त्याची बायको व्हर्ना मागेच उभी होती. तिच्या पिशवीत पांढऱ्या लेबलाचे चार डबे होते. तिने एकदा पिशवीत पाहिलं, एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "दे बाई त्याला महागातली. खाऊ दे कागद."