राजाछाप रुपयांचा क्लेम

“भालेराव, कपाटाची किल्ली इथे ठेवा,” संजयजी म्हणाले.

भालेरावांनी पट्ट्याला अडकवलेली किल्ली सोडवली आणि टेबलावर ठेवली. टेबलावर पाच पारदर्शक डब्या होत्या. प्रत्येकीत इंग्रज राजाचा चेहरा असलेला एक जुना चांदीचा रुपया. दोन डब्यांच्या कडांना तडे गेले होते. उरलेल्या तिन्हींतली नाणी, नाणी तपासणाऱ्या कंपनीच्या फोटोतल्या नाण्यांशी जुळत नव्हती. ही नाणी भालेरावांच्या स्टोअरमध्ये होती, म्हणून संशय त्यांच्यावर. ती मी खरेदी केली होती, म्हणून मीही त्या केबिनमध्ये उभा होतो.

राऊ गावाच्या पुढे आमचा कारखाना आहे. नमकीन, मसाले वगैरे पॅक करायची मशीनं आम्ही बनवतो. संजयजी मालक, भालेराव स्टोअरकीपर आणि मी परचेस पाहतो. बेअरिंग, मोटारी, सेन्सर हे माझं रोजचं काम. चांदी हा माझा विषय नव्हे. पण नोकरीची पंचवीस वर्षं पुरी झालेल्या बारा जणांना या दिवाळीत भिंतीवरच्या घड्याळापेक्षा काहीतरी मोलाचं द्यावं, असं संजयजींच्या मनात आलं. मला म्हणाले, “पुराणिकजी, राजाछाप रुपये पाहा. ग्रेडेड घ्या. उद्या कोणी म्हणायला नको की मालकानं नकली दिलं.” मी चार ठिकाणचे भाव काढले, विक्रेत्यांची माहिती तपासली आणि बारा नाणी ऑनलाइन मागवली.

ग्रेडेड म्हणजे काय, ते आधी सांगतो. नाणं खरं आहे का आणि किती झिजलं आहे, हे एक त्रयस्थ कंपनी तपासते. सत्तरपैकी मार्क देते. मग नाणं कडक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करते. या डबीला स्लॅब म्हणतात. वर लेबल असतं, लेबलवर नंबर. तो नंबर मोबाइलवर टाकला की त्याच नाण्याचा फोटो येतो. डबी उघडली की मार्क संपले. नाणं घासून चकचकीत केलं, तर पुन्हा तसे मार्क मिळतही नाहीत. चांदी तेवढीच राहते, वजन तेवढंच भरतं, पण संग्राहकाच्या लेखी भाव कोसळतो. हे आपल्या लोकांना लवकर पटत नाही. आपल्याकडे चांदी उजळून ठेवणं हाच तिचा मान.

आमच्याकडे आलेला माल आधी इन्स्पेक्शनला जातो, मग स्टोअरमध्ये. अपवाद एकच. सोनं-चांदी आली की पार्सल न उघडता संजयजींच्या घरी पाठवायचं. त्यांच्या आईंना सगळा कारखाना काकू म्हणतो. धनत्रयोदशीला काकू त्याची पूजा करतात आणि मग ते कारखान्यात परत येतं. संजयजींच्या वडिलांपासूनची ही पद्धत. पार्सल तसंच गेलं, ड्रायव्हरनं दोन दिवसांनी परत आणलं आणि भालेरावांनी कपाटात ठेवलं. लक्ष्मीपूजनाला सगळ्यांसमोर नाणी वाटली. टाळ्या झाल्या, फोटो निघाले.

मग फिटिंग शॉपमधले सोळंकी माझ्याकडे आले. डबी रुमालात गुंडाळून आणली होती.

“साहेब, नाराज नका होऊ. पोरीनं नंबर टाकून पाहिला. फोटोतल्या राजाच्या गालावर एक बारीक ओरखडा आहे. आपल्यावाल्याच्या गालावर नाहीये.”

“प्रकाशाचा फरक असेल.”

“मी पण तेच बोललो. ती म्हणाली, बाबा, ओरखडा काय लाइटीनं जातो का?”

मी स्वतः पाहिलं. पोरीचं बरोबर होतं. मग उरलेल्या अकरा जणांकडून नाणी परत मागवावी लागली. पंचवीस वर्षांचा मान म्हणून दिलेली वस्तू आठवडाभरात परत मागायची, हे काम मला फार जड गेलं. कोणी कारण विचारलं नाही. डब्या आणून ठेवल्या आणि गेले. सात ठीक निघाल्या, या पाच नाहीत. जेवणाच्या सुट्टीत मात्र कुजबुज सुरू झाली आणि तिच्यात एकच नाव होतं.

किल्ली टेबलावर पडली, तेव्हा मी विचारलं, “संजयजी, पार्सल घरी उघडलं होतं का?”

“आई बॉक्सवर हळदकुंकू वाहते. बस. घरचा विषय मधे नका आणू.” त्यांनी पाचही डब्या माझ्याकडे सरकवल्या. “तुम्ही क्लेम टाका. त्यांनी खराब माल पाठवला असेल तर पैसे देतील. नसेल पाठवला, तर मग इथलं पाहू.”

‘इथलं’ म्हणताना त्यांनी भालेरावांकडे पाहिलं नाही. भालेरावांनाही ते कळलं. रिटायर व्हायला त्यांना दीड वर्ष उरलं होतं. चोरीचा शिक्का घेऊन माणूस घरी गेला, तर तो शिक्का त्याच्या गल्लीत, मुलींच्या सासरी, सगळीकडे त्याच्या आधी पोचतो.

मी विक्रेत्याला फोन लावला. पलीकडे एक मॅडम होत्या. शांत आवाज, पण नियमाला पक्क्या.

“सर, अनबॉक्सिंग का वीडियो भेज दीजिए.”

“वीडियो नहीं है.”

“फिर पार्सल किसने खोला, कब खोला, ये मुझे कैसे पता चलेगा?”

हाच प्रश्न मी स्वतः मोटारीच्या सप्लायरला विचारतो. मी त्यांना एवढंच म्हणालो, की पाठवण्याआधी काढलेले फोटो असतील तर द्या. त्यांनी बाराही नाण्यांचे फोटो पाठवले, दोन्ही बाजूंचे. आमच्याकडून निघालेल्या मालाचे असे फोटो आम्हीही ठेवत नाही.

इन्स्पेक्शनच्या खोलीतलं भिंग आणलं आणि बसलो. आधी तडे गेलेल्या दोन डब्या. आतली नाणी फोटोशी तंतोतंत जुळली, म्हणजे नुकसान फक्त डबीचं. मग उरलेल्या तीन. ही तिन्ही नाणी एकाच सालातली होती, लांबून पाहिली तर एकसारखी. गालावरचा ओरखडा सोळंकींच्या नाण्यावर नव्हता. तो दुसऱ्या डबीतल्या नाण्यावर होता. दुसऱ्या डबीच्या फोटोतला काठावरचा ठोका तिसरीतल्या नाण्यावर, आणि तिसरीच्या फोटोतली काळसर रेघ सोळंकींच्या नाण्यावर, पण अगदी पुसट. मी तीनदा ताडून पाहिलं. नाणी तीच होती. फक्त एकमेकांच्या डब्यांत गेली होती.

म्हणजे चोरी झालीच नव्हती. चोर नाणं बदलतो तर नकली ठेवून खरं नेतो. तीन खरी नाणी काढून तीच तीन चुकीच्या डब्यांत ठेवणारा माणूस चोर नसतो. तो घाईत असतो.

भिंगातून आणखी दोन गोष्टी दिसल्या. डब्यांच्या सांध्यावर चिकट पदार्थाचे बारीक थेंब वाळले होते. आणि राजाच्या मुकुटाच्या नक्षीत लाल कण होते. गंज चांदीला चढत नाही. मी टाचणीच्या टोकानं एक कण कागदावर घेतला आणि बोटानं दाबला. कुंकू.

दुपारी अर्धा दिवस रजा टाकून मी संजयजींच्या घरी गेलो. कृष्णपुऱ्याच्या पुलावर गाड्या अडकल्या होत्या, तेवढ्या वेळात परत फिरावं असंही वाटून गेलं. राऊला घेतलेल्या घराचे हप्ते माझ्या पगारातून जातात. मालकाच्या आईला प्रश्न विचारायला जाणं हे परचेसच्या कामात बसत नाही.

काकू झोपाळ्यावर बसून मेथी निवडत होत्या. मी डबी दाखवली आणि सरळ विचारलं.

“हो, मीच काढायला लावली ती,” त्या म्हणाल्या. “पूजेला पाच नाणी लागतात. ड्रायव्हरला म्हटलं, उघडून दे. त्यानं पेचकसानं तीन उघडल्या. दोन काही उघडेनात, कडेला तडकल्या. मुहूर्त चालला होता, म्हटलं राहू दे, घरची दोन घेते.”

“आणि नंतर?”

“नंतर काय? काळी पडली होती बिचारी. दंतमंजनानं घासली, दुधापाण्यानं आंघोळ घातली, कुंकू लावलं. मग त्याला सांगितलं, नीट चिकटव आणि खोकं पहिल्यासारखं बंद करून ठेव. डबीत कोंडलेल्या लक्ष्मीला कोणी ओवाळतं का रे?”

त्यांच्या बाजूनं त्यांनी नाण्यांचा मानच केला होता. मी त्यांना ग्रेडिंग समजावलं, भालेरावांच्या किल्लीचं सांगितलं. त्यांच्या हातातली जुडी तशीच राहिली.

“संजूनं मला विचारलं का नाही?”

“तुम्ही डबी उघडाल असं त्यांना वाटलं नाही.”

“आणि भालेराव उघडेल असं वाटलं,” काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी संजयजींसमोर मी फोटो मांडले आणि कुंकवाचा कागद ठेवला. काकूंकडे गेलो होतो हेही सांगितलं. आईशी रात्रीच बोलणं झालं असावं, कारण त्यांनी वाद घातला नाही.

“ठीक आहे. पण क्लेम चालू ठेवा. डबी ट्रान्सपोर्टमध्ये फुटली म्हणा. त्यांच्याकडे तरी कुठे पुरावा आहे?”

“फॉर्मवर ‘आम्ही सील उघडलेलं नाही’ असं लिहून खाली सही करायची आहे. ती मी नाही करणार.”

“पुराणिकजी, तुम्ही कोणाकडून आहात?”

“तुमच्याकडूनच. म्हणून नाही करणार. उद्या मोटारीचा सप्लायर माझ्याशी असंच वागला तर त्याला काय तोंडानं बोलू?”

“मग आईचं नाव लिहायचं मेलमध्ये?”

“नाव कशाला? ‘पार्सल आमच्याकडे उघडलं गेलं आणि नाणी आमच्याकडे घासली गेली.’ एवढं पुरे.”

त्यांनी खिडकीकडे खुर्ची वळवली. “भेजो,” म्हणाले.

मॅडमचा उलट मेल आला. तीन नाण्यांचे पैसे मिळणार नाहीत, हे अपेक्षितच होतं. तडे गेलेल्या दोन डब्यांतली नाणी बाहेर आली नव्हती, ती फी घेऊन नव्या डबीत सील करून मिळतील. शेवटी एक ओळ होती, की खरं कळवल्याबद्दल आभार, असं सहसा होत नाही. संजयजींनी तीन नवी नाणी स्वतःच्या खिशातून मागवली. सोळंकींनी बदलून घ्यायला नकार दिला. “राजा चमकतोय साहेब, घरवाली खूश आहे. आता पुन्हा कशाला नेता?”

राहिली किल्ली. संजयजींनी ती शिपायाबरोबर स्टोअरमध्ये पाठवली. भालेरावांनी ती घेतली नाही. “ज्यांनी ठेवायला लावली, त्यांच्या हातून घेईन,” असा निरोप परत आला. संजयजी चिडले. कपाटात महागडे सेन्सर असतात, स्टोअरकीपरच्या नोंदीशिवाय ते निघत नाहीत, असेंब्लीचं काम अडलं. सुपरवायझर माझ्याकडे येऊन विचारत, “आज तरी कपाट खुलेगा क्या?” मी वरच्या केबिनकडे बोट दाखवायचो. काम अडल्यावर माणूस जितका लवकर शहाणा होतो, तितका समजावून होत नाही.

शेवटी संजयजी स्वतः खाली आले. मी आणि दोन हेल्पर तिथे होतो.

“भालेराव, चूक माझी झाली. आधी घरी विचारायला हवं होतं.”

“हो,” भालेराव म्हणाले. मग त्यांनी स्टूल पुढे केलं. “बसा. कपाट मोजू या. इतके दिवस किल्ली माझ्याकडे नव्हती.”

संजयजी बसले. भालेराव एकेक वस्तू काढून नग सांगत गेले, संजयजी लिहीत गेले. सगळा हिशोब जुळला. भालेरावांनी मालकाची सही घेतली आणि मगच किल्ली पट्ट्याला अडकवली.

आता चांदीचं पार्सल गेटवर कॅमेऱ्यासमोर उघडतं आणि मग पूजेला जातं. काकूंनी हे लगेच मान्य केलं. पूजेत त्या घरचीच सुटी नाणी घेतात. डबी नुसती शेजारी ठेवतात.

माल खराब निघाला की आमच्या कामात पहिला प्रश्न असतो, तो कुठून कुठे गेला. कोणाच्या ताब्यात होता, हा दुसरा. आम्ही दुसरा आधी विचारला, कारण त्याचं उत्तर सोपं होतं. तडकलेल्या दोन डब्या नव्यानं सील होऊन आल्या. पूर्वी भालेराव रोज चार वाजता केबिनमध्ये आमच्याबरोबर चहा घेत. आता त्यांचा कप स्टोअरमध्ये जातो.