उसना दिलेला पावशेर

मूर्ती लहान पण कीर्ती महान, असं म्हणायला लोकांचं काय जातं! या माणसाची मूर्ती लहान होती हे आंधळ्यालाही कळलं असतं, कीर्तीचा मात्र कुठेच पत्ता नव्हता. इस्पितळात तो आजारी माणसं चाकांच्या खाटेवरून इकडून तिकडे न्यायचा. खाट पुढे आणि हा मागे, त्यामुळे समोरून येणाऱ्याला वाटायचं, खाट आपली आपणच चालली आहे. नर्सबाया हसायच्या, तोही त्यांना हसू द्यायचा. पण एखाद्याचं हाड मोडलेलं असलं की डॉक्टर त्यालाच हाक मारायचे. गुडघे किंचित वाकवून, धक्का आपल्या अंगावर घेत चालायची त्याची रीत होती, आणि आडव्या पडलेल्या माणसाशी तो सतत काहीबाही बोलत राहायचा. हे सगळं तो पलटणीत शिकला होता.

पलटण सोडताना प्रत्येकाला एक पुस्तक मिळतं. कुठे कुठे होता, काय काम केलं, कोणतं पदक मिळालं, सगळं त्यात असतं. याच्या पुस्तकात लढाईच्या हिवाळ्यापुढे लिहिलं होतं, 'कोठारात, हलकं काम'. पदकांच्या रकान्यात आडवी रेघ. आणि हा बाबा तर सबंध हिवाळाभर डोंगरावरच्या ठाण्यावरून जखमी खाली आणत होता! आता याला काय म्हणावं?

झालं होतं असं की, लढाई पेटली तेव्हा तो खरंच कोठारात होता. उंची बघून त्याला मागे ठेवला होता, ब्लँकेटांच्या घड्या घालायला. मग वरच्या ठाण्यावरचे जखमी वाहणारे गडी थंडीने आजारी पडले आणि खाली निरोप आला, माणूस द्या. कोठारप्रमुखाने याच्याकडे बोट दाखवलं. लेखी हुकूम नाही, शिक्का नाही. शेजारणीला वाटीभर साखर द्यावी तसा त्याला उसना दिला. पलटणीत अशा माणसाला 'उसना'च म्हणायचे. देणाऱ्याच्या दप्तरात तो जागचा हललेलाच नसायचा.

वर त्याला लांबड्या भेटला. शिकाऊ असताना दोघांच्या खाटा शेजारी शेजारी होत्या. एक ताडमाड, एक एवढासा, आणि दोघांचं मेतकूट असं की बघणाऱ्याने बघत राहावं. हिवाळा सरता सरता लांबड्याच्या पोटात गोळी लागली. पायवाट इतकी अरुंद की स्ट्रेचर वळेना. तेव्हा या एवढ्याशा माणसाने त्या ताडमाड माणसाला पाठुंगळी घेतलं आणि डोंगर उतरायला लागला. खाली पोचेपर्यंत लांबड्या गेला होता. जाण्याआधी वाटेत तो काही बोलला होता, आणि ते बोलणं त्याच्या घरी पोचवायचं, एवढं एकच काम याच्या डोक्यात राहिलं.

पलटण सुटल्यावर धुतलेला सदरा घालून तो लांबड्याच्या घरी गेला. दार बहिणीने उघडलं. शाळेचे गणवेश शिवून ती घर चालवायची, गळ्यात मोजायची फीत तशीच लटकत होती. आतल्या खोलीत आई अंथरुणाला खिळलेली. सरकारकडून आलेल्या तारेत 'जखमांमुळे मृत्यू' एवढंच होतं, आणि म्हातारी तेव्हापासून येणाऱ्याजाणाऱ्याला एकच विचारत होती, शेवटी माझ्या लेकाजवळ कोणी होतं का? गल्लीत शिरतानाच कोपऱ्यावरच्या वाण्याने त्याला हे सांगितलं होतं. त्याला वाटलं, बरं झालं, मी वेळेवर आलो.

त्याने आपलं नाव सांगितलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, अगदी नीट.

"हे नाव भावाने कधी घेतलं नाही," बहीण म्हणाली. तिचंही बरोबर होतं. आधी असाच एकजण जिवलग मित्र म्हणून आला होता आणि जाताना भावाचं घड्याळ घेऊन गेला होता.

"ताई, मी शेवटपर्यंत त्याच्यासोबत होतो. हे बघा ना." असं म्हणून याने आपलं पुस्तक तिच्या हातात दिलं. स्वतः ते धड वाचलंसुद्धा नव्हतं, शहाण्याने! तिने पान काढलं, बोट ठेवलं आणि वाचलं.

"तुम्ही तर कोठारात होतात."

"नाही हो, मला उसना दिला होता..."

"उसना? माणूस कधी उसना देतात का?" तिने पुस्तक मिटून त्याच्या हातात कोंबलं. "आमच्या दुःखावर अजून किती जण जगणार आहात? जा तुम्ही." आणि दार लागलं.

तो दारासमोर बराच वेळ उभा राहिला. पुन्हा कडी वाजवायचा धीर त्याला झाला नाही.

त्या दिवसापासून त्याने ध्यासच घेतला. आधी पुस्तक दुरुस्त करायचं, मग त्या दारात जायचं. पदकाची त्याला हाव नव्हती, पदक घालून तो कुठे मिरवणार होता? खाट ढकलताना? त्याला फक्त त्या बाईने आपलं ऐकून घ्यायला हवं होतं, आणि आतल्या म्हातारीने. सरकारी काम, सहा महिने थांब, असं म्हणतात. म्हणणाऱ्याने फारच कमी सांगितलं. अर्ज जायचा, उत्तर यायचं, 'मूळ दप्तरात नोंद आढळत नाही'. पुन्हा अर्ज, पुन्हा तेच. केस पिकले, इस्पितळातल्या जुन्या नर्सबाया जाऊन नव्या आल्या.

"अहो, सोडा आता," बायको म्हणायची. "तुम्ही होतात, देवाला माहीत आहे, मला माहीत आहे. अजून कोणाला कळायला हवं?"

"आहे एकजण."

मग एक दिवस म्हातारी गेल्याचं कानावर आलं. तो अंत्ययात्रेला गेला आणि गल्लीच्या तोंडाशी लोकांच्या मागे उभा राहिला. पुढे जायचा हक्क आपल्याला नाही असं त्याला वाटलं. घरी आला तेव्हा जेवला नाही. तिचा प्रश्न तसाच राहिला होता आणि उत्तर याच्या पोटात पडून होतं.

इस्पितळातून निवृत्त झाल्यावर मात्र तो स्वतःच रेकॉर्डच्या कचेरीत जाऊन बसला. तिथे एक कारकूनबाई होत्या, सर्दीने नाक लाल झालेल्या, तोंडाने फटकळ.

"काका, दरवेळी तुमच्या कोठाराचंच दप्तर उघडून काय मिळणार? तिथे तुम्ही नव्हतातच ना? ज्यांनी उसना घेतला त्यांची हजेरी कोणी बघितली का?"

कोणी बघितली नव्हती. हात्तिच्या! एवढी वर्षं ज्याने दिला त्यालाच विचारत होते, घेतला त्याला कोणी विचारलंच नाही.

बाईंनी आतून वरच्या ठाण्याची हजेरी मागवली. धूळ झटकली, दोन वेळा शिंकल्या आणि वाचायला लागल्या. याचं नाव कुठे नव्हतं. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. याचा चेहरा उतरत चालला.

"नाही हो काका. आणि हे बघा, काय एकेक लिहून ठेवतात! हा कोण मेला पावशेर?" त्यांना हसू आलं. "'पावशेर, उसना. गोळीबारात पाठीवर घेऊन जखमी खाली आणले. शौर्यपदक मंजूर.' पुढे शेरा आहे, 'या नावाच्या माणसाचा पत्ता लागत नाही.' कसा लागेल? असं नाव असतं का कोणाचं?"

बाईंनी वर बघितलं. काका दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून बसले होते.

"बाई," तो म्हणाला, "तो मीच."

हे नाव लांबड्यानेच ठेवलेलं. शिकाऊ असताना पहिल्याच दिवशी याला बघून तो म्हणाला होता, "हा कसला शिपाई, हा तर पावशेर!" हा डोंगर चढून वर पोचला तेव्हा लांबड्यानेच आरोळी ठोकली, "आला रे आला, आपला पावशेर आला!" ठाण्यावरचे साहेब बदलीवर नुकतेच आलेले, त्यांनी तेच नाव टिपलं. चौकशी करायला सवड कोणाला होती? काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हाच. पदक पावशेरची वाट बघत पडलेलं आणि हा वडिलांनी ठेवलेल्या नावाने अर्ज करतोय.

"तुम्ही म्हणता ते मला पटतं हो," बाई म्हणाल्या. आता त्या हसत नव्हत्या. "पण मला पटून उपयोग नाही. त्या काळात तुम्हाला पावशेर म्हणायचे, हे सांगणारं कोणीतरी आणा. पलटणीतलं, किंवा त्यांच्या घरचं."

पलटणीतले काही गेले होते, उरलेले कुठे होते ते ठाऊक नव्हतं. घरचं म्हणावं तर एकच दार होतं.

"अहो, पण त्या दिवशी तिला हे नाव का नाही सांगितलंत?" बायकोने कपाळावर हात मारला.

"मेलेल्या मित्राच्या आईपुढे पावशेर म्हणून उभा राहू? बरं दिसतं का ते?"

म्हणजे बघा! ताकाला जाऊन भांडं लपवावं, तसं केलं होतं या माणसाने. बरं दिसावं म्हणून खरं तेवढंच झाकून ठेवलं.

बहिणीचं आता शिवणकामाचं लहानसं दुकान होतं. ती कापडावर खडूने रेघ मारत होती. केस पांढरे झाले होते, पण तिने त्याला लगेच ओळखलं आणि तिचा चेहरा दगडासारखा झाला.

"तुमचं नाव मला आठवतं. सांगू नका."

"ते नाही सांगत, ताई. पलटणीत मला दुसरं नाव होतं. लांबड्याने ठेवलेलं." इस्पितळात आयुष्य काढून म्हातारा झालेला माणूस, पण त्याचे कान लाल झाले. "पावशेर."

खडू थांबला.

"काय म्हणालात?"

"पावशेर."

तिने त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. फार वेळ लागला नाही, होताच केवढा तो!

"पावशेरचा कोट काय करायचा?" तिने एकदम विचारलं.

"कोट? तो माझ्या मापाचा नव्हता. कवायतीत मी वळायचो, कोट सरळच उभा राहायचा."

तिने खडू खाली ठेवला. भाऊ सुट्टीवर आला की पावशेरच्या गोष्टी सांगायचा. ही कोटाची गोष्ट आईने त्याला पुन्हा पुन्हा सांगायला लावली होती आणि दरवेळी ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली होती. घरात सगळ्यांना पावशेर माहीत होता. त्याचं खरं नाव मात्र कोणी विचारलंच नव्हतं.

"ताई, तो शेवटी काय म्हणाला ते मला..."

"आत्ता नको!" ती जवळजवळ ओरडलीच. मग स्वतःला सावरून म्हणाली, "आधी मला सही करू द्या. तुमचं ऐकून मी पाघळले असं कोणी म्हणायला नको. मला जे आधीपासून माहीत आहे, तेवढंच मी सांगेन."

बाई मोठी कडक, पण न्यायाची. दुसऱ्याच दिवशी ती कचेरीत आली. कारकूनबाईंनी जेवढं विचारलं तेवढ्याचीच तिने उत्तरं दिली, कोटाची गोष्ट सांगितली, सही केली. त्यानंतरही कागदाला फिरायचं तेवढं तो फिरलाच, सरकारी कागद तो! पण या वेळी फिरून परत आला. पुस्तकातली 'कोठारात, हलकं काम' ही ओळ खोडली गेली, वर ठाण्याचं नाव आलं, रकान्यात पदक आलं आणि बाजूला शिक्क्यासह लिहिलं गेलं, 'दप्तरातील पावशेर म्हणजे हीच व्यक्ती'. ते घ्यायला तो आणि बहीण दोघंही कचेरीत आली होती. कारकूनबाईंनी उभं राहून पुस्तक त्याच्या हातात दिलं. त्याने ते बघितलं आणि तसंच बहिणीकडे दिलं. तिने पान काढलं, ओळीवर बोट ठेवून वाचलं आणि मिटून परत केलं.

बाहेर व्हरांड्यात एक बाकडं होतं. दोघं बसली.

"आता सांगा," ती म्हणाली.

त्याने सांगितलं. वाट कशी होती, बर्फ कसा होता, लांबड्याचे पाय इतके लांब की जमिनीला घासत होते. "मी सारखा बोलत होतो त्याच्याशी. तोही मधूनमधून हं हं म्हणायचा. ताई, मोठं काही बोलला नाही तो. खोटं कशाला सांगू? शेवटी एवढंच म्हणाला, 'पावशेर, दमलास तर ठेव मला खाली.'"

"मग?" तिने त्याची बाही धरली. "ठेवलंस का रे खाली?"

"नाही. माझ्या मानेला त्याचा श्वास लागत होता, तो लागायचा थांबला, तेव्हा मला कळलं. तरी नाही ठेवला. खाली पोचलो तेव्हा माझी बोटं सुटेनात, दोघांनी मिळून सोडवली."

कचेरीतली माणसं जेवायला बाहेर पडत होती, या दोघांकडे बघून पुढे जात होती. मग तिला रडू फुटलं, आणि तिने ते आवरलं नाही.

"त्या दिवशी तुम्ही दारात होतात ना," ती म्हणाली, "तेव्हा आईने आतून विचारलं होतं, कोण आलंय गं? मी म्हटलं, कोणी नाही."