पात्यांची खूण

रिन्स्केचा नवरा जाऊन दोन वर्षं झाली. फ्रीजलँडमधल्या त्या लहानशा गावची पवनचक्की तेव्हापासून तीच चालवत होती; पण सासरे वोब्बे यांनी तिला कधी चक्कीवाली म्हटलं नाही. गुडघे धरले होते, तरी ते चक्कीतच खुर्ची टाकून बसत.

"पीठ काय, कुणीही दळेल. वारा ओळखता आला पाहिजे. सोमवारी पुतण्या येतोय, त्याच्या हाती चक्की दिली की मी सुटलो."

रिन्स्के उलट बोलत नसे. पीठ चिमटीत चोळून बघायची आणि कामाला लागायची.

शनिवारी दुपारी चारही पात्यांवर शिडं ताणलेली असताना पश्चिमेकडून वादळ आलं. शिडं उतरवायला उसंतच मिळाली नाही. पाती अशी सुटली, की चक्कीचा लाकडी मनोरा थरथरू लागला.

"ब्रेक लाव, ब्रेक!" वोब्बे ओरडले.

तिनं लावला. वर मोठ्या चाकाला लाकडी पट्टा करकचून बसला, तरी चाक थांबेना. मग जळक्या लाकडाचा वास आला.

रिन्स्केनं ब्रेक सोडून दिला.

"डोकं फिरलं का तुझं?"

"मामंजी, एवढं बळ अडवलं तर त्याची आगच होणार. त्याला काम द्यायला हवं. पोती ढकला इकडे!"

"मला हुकूम सोडतेस?"

"हो, सोडते! दाणा संपला तर दगडावर दगड घासून ठिणग्या उडतील. ढकला!"

वोब्बे उठले. रिन्स्केनं जात्याची वरची तळी खाली घेतली, जातं जड झालं, पात्यांचा वेग जरा आवरला. तोंडानं देवाचं नाव घेत ती गहू ओतत राहिली. चक्की जाळू पाहणारा वारा दाणे भरडू लागला. बाराव्या पोत्याला वादळ ओसरलं, तेव्हा तिनं हलकेच ब्रेक लावला.

वोब्बेंनी पीठ चिमटीत घेतलं. "करपलंय. कोंबड्या खातील." मग बाहेर पाहून म्हणाले, "पाती अशी वेडीवाकडी का थांबवलीस? वरचं पातं सरळ उभं नको, शेंड्याच्या जरा अलीकडे आण."

रिन्स्केला ही खूण ठाऊक होती. नवरा गेला तेव्हा ते पातं शेंड्याच्या पलीकडे थांबवलं होतं. अलीकडे थांबतं ते घरात मंगल असलं तरच.

रविवारी चर्चच्या दारात लोकांनी विचारलं, "काय वोब्बे, लग्न काढलंत की काय?"

"लग्न कसलं! चक्कीवाली मिळाली आम्हाला. उद्या पुतण्या येतोय, नुसता जेवायला."