कॅसेटवरचं ‘येतो’

सगळ्यांना जयभीम. या ग्रुपवरचे भुताचे अनुभव मी आजवर हसण्यासाठीच वाचत आलो. माझ्या वडिलांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हाच आमच्या घरातून भुतंखेतं, अंगारे-धुपारे हद्दपार झाले. त्यामुळे हे लिहिताना माझीच मला लाज वाटतेय... असो.

सत्तरच्या दशकातली, वाशीमजवळच्या शिरपूरची गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. माझा थोरला भाऊ, दादा, गायन पार्टीत गायचा. रिसोडला कार्यक्रमाला जाताना जीप उलटली आणि तो गेला. घरून निघाला तेव्हा माय पाण्याला गेली होती. नंतर तिचं एकच पालुपद — "त्यानं ‘येतो’ म्हटलं नाई रे बबन. मंग येईन कसा तो?" तिची अन्नावरची वासनाच उडाली. ही पण जाते की काय, याची मला धास्ती होती.

दादाचं एक गाणं शाळेतल्या मास्तरांनी त्यांच्या स्पूलच्या टेपरेकॉर्डरवर भरून ठेवलं होतं. त्यांची बदली झाली. स्पूल ते देणार होते, मशीन नाही. नुसत्या स्पुलाचं काय लोणचं घालायचं? कॉपी करणं भाग होतं, पण कशावर? वाशीमला रेडिओ दुरुस्त करणारे रज्जाकभाई होते, त्यांना गाठलं.

"पक्की कॉपी पायजे तं स्पुलावरच कर. कॅसेट म्हंजे खेळणं हाय."

"पन मायले स्पूल लावता येईन का?"

ते म्हणाले, "मंग कॅसेटच घे. बटन दाबलं का पोरगा बोलला पायजे. पन साठ मिन्टाचीच घे. नव्वदची फीत पातळ रायते, गुतते."

नवी कॅसेट आणि रज्जाकभाईंचा कॅसेट रेकॉर्डर घेऊन घरी आलो; मास्तर त्यांचं स्पूलचं मशीन घेऊन आले. दोन्ही मशीनना जोडणारी वायर नव्हती, म्हणून स्पुलाच्या स्पीकरसमोर माईक ठेवला. म्हणजे खोलीतलं सगळंच भरलं जाणार. दुपार होती. दार लावलं, शेळी बाहेर काढली, मायला बजावलं, "हूं का चूं करू नको."

गाणं संपलं. फीत नुसती खरखरत होती आणि माय हळूच म्हणाली, "ये बापा."

मी भडकलो. "गप ना माय! समदं बिघडवलं तुनं!"

मग कॅसेट मागे घेऊन ऐकली. गाणं... खरखर... आणि दादाचा आवाज — "माय, येतो." त्यावर मायचं "ये बापा."

मास्तरांनी स्पूल पुन्हा पुन्हा लावलं. त्यावर गाण्यानंतर फक्त खरखर. म्हणजे आवाज मशीनमधून आलाच नव्हता. तो आमच्या खोलीत झाला होता.

मायला काहीच नवल वाटलं नाही. "मले तवाच आयकू आलं," म्हणाली, आणि उठून भाकर वाढून घेतली.

रज्जाकभाई म्हणाले, आधीचं भरलेलं असेल. पण कॅसेटचं वेष्टण मीच फाडलं होतं. मला आजही काही उलगडा नाही.

माय पुढं पुष्कळ वर्षं जगली. ती गेल्यावर माझ्या मुलीनं कॅसेट कॉम्प्युटरवर घेतली आणि हेडफोन माझ्या कानाला लावला. माझं ते ओरडणं आहे ना — त्याच्या खाली दादा अजून बोलतोय. "बबन," एवढं स्पष्ट ऐकू येतं. पुढचं माझ्याच आवाजाखाली गेलंय. मुलगी म्हणते, ते वेगळं काढता येत नाही.