दोन हजार सत्तरची सावली

कुंभार पिंपळगावच्या तातेरावांना दुपारी जागं असलेलं फारसं कुणी पाहिलेलं नाही. त्यात त्यांचा दोष नव्हता. शेतीची वीज आयुष्यभर रात्रीच यायची. रात्रभर ऊस भिजवायचा, मग माणसानं झोपायचं कधी? दुपारी, विहिरीजवळच्या पिंपळाखाली. वडिलांनी धम्मदीक्षा घेऊन आल्यावर लावलेला तो पिंपळ. वारा नसतानाही त्याची पानं हलायची, आणि तातेरावांना अशी स्वप्नं पडायची, की गोदावरी उठून त्यांच्या बांधावर चहाला यायची.

लेक ज्योत्स्ना बापावर गेली. दिल्लीतल्या एका सरकारी कचेरीत ती देशाचा दोन हजार सत्तरपर्यंतचा विजेचा आराखडा करते. कोळसा कधी सुटेल, ऊन-वाऱ्यावर देश किती चालेल, उन्हाळे किती तापतील. तिची आई केशरबाई म्हणते, "बापाला स्वप्न पडलं की आळशी, लेकीला पडलं की पगार!"

ज्योत्स्नानंच मागे लागून बापाला सोलर पंप घ्यायला लावला. दिवसा पाणी, रात्री झोप. ती सुटीत घरी आली आणि त्याच आठवड्यात प्लेटा बसवायला मच्छिंद्र आला. त्यानं सगळं रान पाहिलं. काळ्या मातीत खांब कलतात. मुरमाड जागा एकच, विहिरीच्या पूर्वेला. आणि दुपार कलली की तिथं नेमकी पिंपळाची सावली.

"मामा, झाड काढावं लागंल," मच्छिंद्र म्हणाला. "न्हाईतर दुपारनंतर पाणी बिलकुल न्हाई."

तातेराव बुंध्याला पाठ लावून बसले. उठेचनात.

"बाबा, पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांचा विचार करा," ज्योत्स्ना समजावू लागली.

"तेच करून राह्यलो ना, बाई. सत्तर सालात ऊन वाढंल म्हन्तीस. मंग मी झोपू कुठं?"

"तेव्हा तुम्ही एकशे दहा वर्षांचे असाल!"

"मंग तर झोप लईच लागंल."

मच्छिंद्रनं झाड तोडणाऱ्याला बोलवायला मोबाइल काढला. ज्योत्स्ना बापाशेजारी बसली, अर्थात वाद घालायलाच. तिनं कोळशापासून सुरुवात केली. वर पानं सळसळली. कोळसा संपून वाऱ्यापर्यंत येईतो देशाची आखणी करणारे डोळे मिटले.

केशरबाई चहा घेऊन आली. दोघंही घोरताना पाहून तिनं कपाळाला हात लावला.

"मामी, काय करू?" मच्छिंद्रनं विचारलं.

"सकाळभर पाणी पडंल का?"

"धो धो पडंल."

"मंग दुपारी पंपालाबी झोपू दे. या घरात त्यो एकटाच जागा राहून काय करील?"

ज्योत्स्नाला झोपेत दोन हजार सत्तर साल दिसत होतं. दिल्लीतल्या तक्त्यांत ते असं कधी दिसलं नव्हतं. उन्हानं पांढरं पडलेलं रान, पाटातून चालत निघालेलं पाणी, मधोमध आभाळाएवढा पिंपळ, आणि खाली एकशे दहा वर्षांचे बाबा, घोरत. तेवढ्यात जमिनीतून कसलातरी घाव ऐकू आला. ती दचकली. डोळे न उघडताच तिनं हात मागे नेऊन बुंधा चाचपला.

"झाड तोडू नका," ती पुटपुटली.

"न्हाई, ताई," लांबून मच्छिंद्रचा आवाज आला. "मुरमात खांबाचा खड्डा घेऊन राह्यलो."

ज्योत्स्नानं कूस बदलली आणि पुन्हा सत्तर सालात गेली.